एका श्रेयांकासाठी चौदा महिने

मी एका विद्यापीठाच्या करिअर मार्गदर्शन कक्षात समुपदेशक म्हणून अकरा वर्षे काम करते आहे. ६ जून २०२२ रोजी मी दोन पानांचे एक टिपण आवक विभागात दिले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या करिअर मार्गदर्शनाच्या अभ्यासक्रमाची पहिली तासिका ७ ऑगस्ट २०२३ रोजी झाली. मधल्या चौदा महिन्यांत काय घडले, कागद कुठे अडला आणि पुन्हा करायचे झाल्यास मी काय वेगळे करीन, हे एका वहीत टिपत गेले होते. उच्च शिक्षणात हेच काम करणाऱ्या ज्या सहकाऱ्यांना असा प्रस्ताव मांडायचा आहे, त्यांच्यासाठी ती वही समोर ठेवून हे लिहिते आहे.

सुरुवात मार्च २०२२ मध्ये भेटींच्या नोंदवहीपासून झाली. त्या नोंदवहीत नाव, विभाग, वर्ष आणि ‘भेटीचे कारण’ असे चार रकाने आहेत. विद्यार्थी सहा हजारांच्या आसपास, पूर्णवेळ समुपदेशक आम्ही दोघे आणि अर्धवेळ लिपिक एक. एक भेट चाळीस मिनिटांची असते आणि तिच्या नोंदी लिहायला आणखी पंधरा मिनिटे लागतात. त्यामुळे दिवसाला पाच, फार तर सहा भेटी नीट होतात. वर्षभराची मोजणी केली तेव्हा दिसले की दोन तृतीयांश भेटी शेवटच्या वर्षातील शेवटच्या चार महिन्यांत झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये भेटीसाठी तीन दिवस थांबावे लागत होते, तर फेब्रुवारीत तेवीस दिवस. कारणाच्या रकान्यात पानेच्या पाने एकच शब्द होता: रेझ्युमे.

त्याच आठवड्यात रसायनशास्त्राची शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. अर्जाची मुदत त्या रात्री संपणार होती. तिने फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, एवढं फक्त तपासून द्या.” पहिल्याच ओळीत ‘उद्दिष्ट’ म्हणून जे वाक्य होते ते मैत्रिणीच्या कागदावरून उतरवलेले होते आणि त्यात मैत्रिणीचा विषयही तसाच राहिला होता. मी विचारले, “तुला यातलं कोणतं काम करावंसं वाटतं?” ती बराच वेळ फाइलच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “ते कधी ठरवलंच नाही. सगळे भरतायत म्हणून मीही भरतेय.” तेवढ्यात चाळीस मिनिटे संपली आणि दारात पुढचा विद्यार्थी उभा होता. मी तिचा विषय दुरुस्त केला, दोन क्रियापदे बदलली आणि तिला जाऊ दिले. तिला जे हवे होते ते देण्याची वेळ दोन वर्षांपूर्वीच निघून गेली होती, ही गोष्ट मला फार लागली.

मात्र ती निदान आली तरी होती. कक्षाची पायरी कधीच न चढणारे विद्यार्थी ही या कामातली सर्वांत अवघड बाब आहे. ज्यांच्या घरात आधी कुणी विद्यापीठात गेलेले नसते, जे शिकता शिकता नोकरी करतात, ज्यांना अनोळखी माणसापुढे आपली अनिश्चितता उघड करण्याचा संकोच वाटतो, ते सहसा येत नाहीत. ज्यांच्याकडे आधीच माहिती आणि ओळखी असतात ते मात्र वेळेवर येतात आणि पुन्हा पुन्हा येतात. दार उघडे ठेवून बसलो म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे मला या नोंदवहीनंतर म्हणता येईना. सर्व विद्यार्थी जिथे हमखास भेटतात ती जागा म्हणजे वर्ग. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) अभ्यासक्रम असावा, असे मी टिपणात लिहिले.

टिपण दिल्यावर सात आठवडे काहीच उत्तर आले नाही. दोनदा चौकशी केली, तेव्हा कळले की ते नाकारलेले नव्हते; ते कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायचे हेच ठरत नव्हते. आमचा कक्ष प्रशासनाच्या बाजूला मोडतो आणि नियमानुसार अभ्यासक्रमाचा प्रस्ताव केवळ शैक्षणिक विभागच मांडू शकतो. करिअर मार्गदर्शन करणाऱ्यांची ही कोंडी माझ्या माहितीतील बहुतेक सहकाऱ्यांनी अनुभवली आहे: आमच्याकडून शैक्षणिक परिणामांची अपेक्षा असते, पण शैक्षणिक निर्णय जिथे होतात त्या टेबलाभोवती आम्हाला खुर्ची नसते. हा नियम मी आधी वाचला असता तर सात आठवडे वाचले असते. म्हणून पहिले सांगणे हे की, टिपणाचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी ते कोणत्या विभागाच्या नावाने जाणार हे पक्के करावे आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कागद कोणाच्याही हाती देऊ नये. त्या क्रमांकावरच पुढची प्रत्येक चौकशी झाली.

ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ या काळात मी अकरा विभागप्रमुखांना भेटले. सहा जणांनी तासिकांना जागा नसल्याचे सांगितले आणि ते खरेही होते. दोघांनी कॅम्पस मुलाखतींना येणाऱ्या कंपन्या वाढवा, अभ्यासक्रमाची गरज नाही, असे सुचवले. मार्गदर्शन आणि प्लेसमेंट यांतला फरक मला त्या दिवसांत इतक्या वेळा समजावून सांगावा लागला की शेवटी त्याचे एक वाक्य तयार झाले: प्लेसमेंट म्हणजे समोर आलेली जागा भरणे, मार्गदर्शन म्हणजे आपल्यासाठी कोणत्या जागा आहेत, त्या कशा शोधायच्या आणि चुकलो तर पुन्हा कसे ठरवायचे, हे विद्यार्थ्याला येणे.

इतिहास विभागाच्या प्रमुखांनी घेतलेला आक्षेप मात्र मला महिनाभर पुरला. ते म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे मुलं विचार करायला शिकतात. तुम्ही त्यांना बाजारासाठी तयार करणार असाल तर माझ्या विभागात नको.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. रोजगारक्षमता हा शब्द हल्ली असा वापरला जातो की नोकरी न मिळणे हा जणू विद्यार्थ्याचा एकट्याचा दोष ठरावा आणि अर्थव्यवस्थेचा त्याच्याशी काही संबंधच नसावा. मी घरी येऊन आराखडा पुन्हा लिहिला. कामाचा इतिहास, व्यवसायांतील भेदभाव, कोणाला कोणते काम ‘आपले’ वाटते आणि का, हा भाग पहिल्या तीन आठवड्यांत आणला. पंधरा दिवसांनी तो घेऊन पुन्हा गेले, तेव्हा सरांनी तो पेन्सिलने खुणा करत पूर्ण वाचला आणि आपल्या विभागामार्फत प्रस्ताव मांडण्यास संमती दिली. विरोध करणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जावे, हे मी त्यातून शिकले. पहिल्या भेटीत होकारार्थी मान हलवणाऱ्यांपैकी कोणीही पुढे सही केली नाही.

नोव्हेंबर अभ्यासक्रम लिहिण्यात गेला. या विषयाला शास्त्राचा आधार आहे का, असे विचारले जाणार हे ठाऊक होते. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले, आणि स्वतःची ओळख, कामाच्या जगाची माहिती आणि या दोहोंची नीट सांगड ही त्यांनी मांडलेली त्रिसूत्री आजही टिकून आहे. पुढे जॉन हॉलंड यांनी व्यक्तिमत्त्वे आणि कामाची वातावरणे सहा प्रकारांत मांडली. डोनाल्ड सुपर यांनी करिअर हा एकदाच घ्यायचा निर्णय नसून आयुष्यभर चालणारा विकास आहे, असे दाखवले. बिल लॉ आणि टोनी वॉट्स यांनी १९७७ मध्ये मांडलेली चौकट मला सर्वांत उपयोगी पडली, कारण ती शिकवण्यासाठीच आहे: स्वतःविषयीचे भान, संधींविषयीचे भान, निर्णय घेण्याचे शिक्षण आणि स्थित्यंतराचे शिक्षण. त्यात मी जॉन क्रुंबोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची १९९९ मधील मांडणी जोडली. अनपेक्षित घटना टाळता येत नाहीत, पण कुतूहल, चिकाटी, लवचीकता, आशावाद आणि धोका पत्करण्याची तयारी यांच्या बळावर त्यांचा उपयोग करून घेता येतो, असे ते सांगतात. घाबरलेल्या विद्यार्थ्याला हे ऐकून मोकळे वाटते, हे मी पाहिले आहे.

याच टप्प्यावर खर्चाचा प्रश्न आला. कलचाचण्यांचा परवाना दर विद्यार्थ्यामागे आकारला जातो आणि सर्वांसाठी तो घेतला असता तर कक्षाची वर्षाची तरतूद त्यातच संपली असती. मी चाचण्या वगळल्या. पैशांखेरीज आणखी एक कारण होते. चाचणीचा निकाल हाती पडला की विद्यार्थी तो निवाडा समजतो आणि “माझं इंजिनिअरिंग निघालं” अशा भाषेत बोलू लागतो. चाचणी ही बोलण्याची सुरुवात असते. तिच्यापाठोपाठ समुपदेशकाची भेट देता येत नसेल तर ती न दिलेली बरी, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी आम्ही जाड कागदाची चाळीस मूल्यपत्रे कापून तयार केली. प्रत्येकावर स्थैर्य, स्वायत्तता, इतरांना मदत, नावीन्य असा एकेक शब्द होता आणि विद्यार्थ्यांनी ती क्रमाने लावून त्या क्रमाचे कारण एकमेकांना सांगायचे होते.

अभ्यासक्रमांची छाननी करणाऱ्या अभ्यास मंडळाची बैठक १४ डिसेंबर २०२२ रोजी झाली. माझ्या विषयाला नऊ मिनिटे मिळाली आणि तीन त्रुटी निघाल्या: मूल्यमापन कसे करणार, शिकवणाऱ्याची अर्हता काय आणि समुपदेशनातील गोपनीयतेचे काय.

अर्हतेचा प्रश्न संयुक्त अध्यापनाने सुटला. इतिहास विभागाचे एक अध्यापक आणि एक समुपदेशक मिळून वर्ग घेतील, असे ठरले. मूल्यमापन अवघड ठरले. मी अंतिम काम म्हणून अर्जपत्र, म्हणजे नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र, ठेवले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि जानेवारीपासून आमच्याकडे तपासायला येणारी अर्जपत्रे एकाच साच्यातून निघाल्यासारखी दिसू लागली. वाक्ये निर्दोष, पण लिहिणारा कुठेच नाही. साधन वापरू नका, असे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण अनेक ठिकाणी अर्जांची पहिली चाळणीही संगणकच करतो. मी अर्जपत्र काढले आणि त्या जागी असे काम ठेवले जे कोणालाही दुसऱ्याकडून करून घेता येणार नाही. एखाद्या कामात असलेल्या व्यक्तीशी वीस मिनिटे समोरासमोर बोलायचे, तिला विचारलेले प्रश्न आणि त्यातून आपले कोणते गृहीतक बदलले ते लिहायचे, आणि मग वर्गात तोंडी मांडायचे.

गोपनीयतेची त्रुटी सदस्यांनी अगदी बरोबर दाखवली होती. अभ्यासक्रमात ठेवलेल्या चिंतनाच्या वहीत विद्यार्थी घरातील ताण, आजारपण, अपयश असे काहीही लिहू शकतात, आणि त्यावर गुण देणे ही मला आमच्या व्यवसायाशी केलेली प्रतारणा वाटते. शिवाय जी व्यक्ती गुण देते तिच्यापुढे कोण मन मोकळे करील? आम्ही दोन नियम लिहून दिले. वही विद्यार्थ्याची खासगी राहील आणि तिच्यातील त्याने स्वतः निवडलेले एकच पान सादर होईल. जो समुपदेशक ज्या तुकडीला शिकवेल तो त्या तुकडीतील विद्यार्थ्यांना वैयक्तिक समुपदेशन देणार नाही. ते दुसऱ्याकडे जातील. पूर्ततेचा कागद लिहिताना त्रुटी जशाच्या तशा उतरवून प्रत्येकीखाली उत्तर द्यावे. मी पहिल्यांदा निबंधासारखे उत्तर लिहिले आणि ते परत आले, त्यात अठरा दिवस गेले.

फेब्रुवारीत वरिष्ठांनी बोलावले आणि एकच प्रश्न विचारला: “यामुळे नोकरी मिळालेल्यांचा टक्का किती वाढेल?” हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पदवीनंतर ठरावीक महिन्यांनी होणाऱ्या पाहणीचा आकडा संस्थेच्या माहितीपत्रकात छापला जातो आणि आमच्या कक्षाची तरतूदही त्यावरच तोलली जाते. मी आकडा दिला नाही. मंदीच्या काळात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या मिळकतीवर त्याचा परिणाम अनेक वर्षे राहतो, हे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. तो परिणाम कोणत्याही समुपदेशकाच्या हातात नसतो. शिवाय कोणी विचारपूर्वक एक वर्ष थांबले, तर पाहणीत ते अपयश म्हणून मोजले जाते, आणि कोणी घाईने नको ती नोकरी धरली, तर ते यश. याऐवजी काय मोजता येईल ते मात्र मी लिहून नेले होते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत दरवर्षी नोंदणीच्या वेळी विद्यार्थी करिअरच्या विचारात कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारले जाते: अजून ठरवतो आहे, योजना आखतो आहे, की अर्ज करतो आहे. तोच प्रश्न वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीस विचारावा, आणि किती जण पुढच्या टप्प्यावर सरकले ते पाहावे, असे मी सुचवले. वरिष्ठांनी कागद ठेवून घेतला. त्या बैठकीतून बाहेर पडताना माझे हात थंड पडले होते, पण खोटे आश्वासन दिले नव्हते याचे समाधानही होते.

अंतिम मंजुरी देणाऱ्या विद्यापरिषदेची बैठक २३ मार्च २०२३ रोजी होती. आमचा विषय कार्यपत्रिकेत एकतिसावा होता आणि वेळ संपल्याने तो पुढच्या बैठकीवर गेला. ती बैठक दहा आठवड्यांनी होणार होती. त्याच काळात माझ्या सहकारी समुपदेशकाचा करार संपला आणि तो वाढवण्यात आला नाही. सहा हजार विद्यार्थी आणि मी एकटी, असे नऊ आठवडे गेले. त्या दिवसांविषयी थोडे सांगते, कारण याविषयी फारसे बोलले जात नाही. आमच्याकडे येणारा विद्यार्थी रेझ्युमेचे कारण सांगून आत येतो आणि खुर्चीत बसल्यावर रडू लागतो, हे नेहमीचे आहे. त्याला योग्य वेळी मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडे पाठवणे हे आमचे काम आहे, पण त्याआधीची अर्धा तास ऐकण्याची मेहनतही आमचीच असते, आणि तिची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. एप्रिलमध्ये मला झोप लागेनाशी झाली. दुसऱ्या संस्थेतील दोन समुपदेशकांशी दर पंधरवड्याला तासभर बोलायचे, नावे न सांगता अवघड भेटी एकमेकांपुढे मांडायच्या, अशी व्यवस्था मी तेव्हा सुरू केली. ती आजही चालू आहे. या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच वर्षी असे दोन सोबती शोधावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

१ जून २०२३ रोजी मंजुरी मिळाली. दोन श्रेयांकांऐवजी एक, सर्व विभागांऐवजी इतिहास आणि भौतिकशास्त्र हे दोनच, मुदत एक वर्ष, नवीन पद नाही. इतिवृत्ताची प्रत हातात यायला आणखी तीन आठवडे लागले आणि तिच्याशिवाय परीक्षा विभाग विषयाला संकेतांक देईना. म्हणून मंजुरीच्या दुसऱ्याच दिवशी प्रमाणित उताऱ्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा. करारावरील जागा जुलैत भरली गेली, त्यामुळे गोपनीयतेचा दुसरा नियम पाळणे शक्य झाले. वहीतील बेरीज पाहता माझे दोनशे चौदा तास या कामी लागले आणि त्यातले एक तृतीयांशाहून अधिक कार्यालयीन वेळेबाहेरचे होते. प्रस्ताव मांडणाऱ्याने हा हिशेब सुरुवातीपासून ठेवावा. पुढच्या वर्षासाठी मनुष्यबळ मागताना मला तोच जोडता आला.

पहिल्या तासिकेला चौसष्टपैकी एकोणसाठ विद्यार्थी आले. मूल्यपत्रे लावताना पहिली दहा मिनिटे वर्ग अवघडून बसला होता, मग आवाज वाढत गेला. पाचव्या आठवड्यातील संभाषणांची मांडणी मला तपशिलाने आठवते. भौतिकशास्त्राचा एक मुलगा, जो तोवर एकदाही बोलला नव्हता, उभा राहिला. तो रुग्णालयातील किरणोपचार विभागात काम करणाऱ्या एका वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ बाईंशी बोलून आला होता. रुग्णाला किरण देण्यापूर्वी मात्रेचे गणित कसे तपासले जाते आणि यंत्राची मोजमापे नियमितपणे कशी पडताळली जातात, हे त्याने फळ्यावर आकृती काढून दाखवले. मग म्हणाला, “माझ्या विषयाचा माणूस रुग्णालयात लागतो, हे मला माहीतच नव्हतं. मी शिक्षक नाहीतर संशोधक, एवढंच धरून चाललो होतो.” मागच्या बाकावरून कोणीतरी त्या कामासाठी पुढे काय शिकावे लागते असे विचारले, आणि त्याने वहीतून वाचून उत्तर दिले. मी एक शब्दही बोलले नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. तिघांनी संभाषणाचे काम केलेच नाही. त्यातील दोघे संध्याकाळी नोकरी करत होते आणि कामाच्या वेळात कोणाला भेटणे त्यांना जमत नव्हते. फोनवरील संभाषण चालेल, अशी दुरुस्ती आम्ही सहाव्या आठवड्यात केली, जी आराखड्यातच असायला हवी होती. मुदतवाढीचा प्रस्ताव जानेवारीत द्यायचा आहे आणि त्यासाठी आणखी एका विभागाची संमती लागेल. सध्या मी अर्थशास्त्र विभागाच्या दारात दुसऱ्यांदा जाते आहे.

सप्टेंबरअखेर नोंदवही पुन्हा उघडली. त्या महिन्यातील भेटींत दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सतरा होते. आदल्या सप्टेंबरमध्ये दोन होते. कारणाच्या रकान्यात कोणी ‘माहिती’ लिहिले होते, कोणी ‘विषय बदल’. एकाने बारीक अक्षरात लिहिले होते, ‘अजून काही ठरलेले नाही, म्हणून’.